बरणी फोडावी, असं सगळ्यांचं मत पडलं

आमच्या भार्गवीचं अक्षर मुंबईत प्रसिद्ध होतं. मुंबईत म्हणजे वाशीच्या फळबाजारात, आणि प्रसिद्ध म्हणजे तिथल्या हमालांमध्ये. आठल्यांची आंब्याची पेटी गाडीतून उतरायच्या आधीच ओळखू येते, असं आमच्या दलालाचा माणूस सांगायचा. काळ्या रंगात ब्रश बुडवून ती पेटीच्या फळीवर 'आठल्ये, भाट्ये, रत्नागिरी' एवढं लिहायची. रेघ आखायची नाही, मोजायची नाही, तरी तिन्ही शब्द फळीवर नीट मावायचे. मला मेलीला रेघ आखूनही सरळ लिहिता येत नाही.

भार्गवी माझी नणंद. आमच्या ह्यांची, म्हणजे चिंतामणी आठल्यांची, पाठची बहीण. एरवी मी तिला नावानेच हाक मारायचे, पण रागावले की 'वन्सं' म्हणायचे, आणि आंब्याच्या दिवसांत मी रोजच रागावलेली असायचे. मग तीही मुद्दाम डोक्यावर पदर घेऊन "काय आज्ञा, वहिनीसाहेब?" असं म्हणायची आणि भांडण तिथेच संपायचं. तिच्याशी भांडायला मजा यायची नाही, हा तिच्यातला मोठाच दोष.

बी.एस्सी., बी.एड. झालेली बाई पेट्यांवर नावं का रंगवत बसली आहे, असं पाहुणे विचारत. त्याचं उत्तर अगदी साधं आहे. एक्क्याण्णव साली ऐन मार्चमध्ये माझे सासरे गेले. भार्गवी तेव्हा रत्नागिरीच्या एका शाळेत कुणाच्या तरी रजेच्या जागेवर शिकवत होती. हे तिला म्हणाले, "एवढा सीझन सांभाळ, मग बघू." तिने सांभाळला. पुढच्या वर्षी पाऊस लवकर आला, त्याच्या पुढच्या वर्षी सावनीच्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी, त्याच्या पुढच्या वर्षी सासूबाईंचा पाय मोडला. दर वर्षी काहीतरी असायचंच, आणि दर वर्षी ते खरंच असायचं. तिचं लग्न का झालं नाही, याची गावात तीन कारणं सांगतात. तिन्ही खोटी आहेत. आंब्याच्या दिवसांत आमच्याकडे कुणाला सवड नसायची आणि बाकीचं वर्ष कुणाला आठवण व्हायची नाही, हे खरं कारण.

छळ म्हणावा तर कुणी केला नाही. झाडाचा पहिला आंबा देवापुढे ठेवून झाला की तिच्या हातात. दिवाळीला माझ्याआधी तिला साडी. "फुलासारखी ठेवल्येय हो लेकीला," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत. ठेवली होती हे मात्र खरं. पडवीच्या कोपऱ्यात तिचं बाकडं होतं. सकाळी ती रंगाचा डबा घेऊन तिथे बसली की आमचा गडी रघू खिळे ठोकलेल्या पेट्या तिच्यापुढे आणून टाकायचा. लिहून झालेल्या पेट्यांची थप्पी तिच्या बाजूलाच लागायची. दुपारपर्यंत तिन्ही बाजूंनी थप्प्या चढायच्या, आणि संध्याकाळी ट्रक येईपर्यंत पडवीत भार्गवी दिसायचीच नाही, नुसता तिचा आवाज यायचा.

अशा आमच्या घरात नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर 'अणिमा' आली.

ही टीव्हीवरची मालिका. हिंदी, दर रविवारी सकाळी दहाला. अणिमा ही एका प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी मुलगी. आजीने शिकवलेला मंत्र म्हणून श्वास रोखला की ती अंगठ्याएवढी व्हायची. मग किल्लीच्या भोकातून आत शिरायची, चोरांच्या खिशात बसून त्यांचे बेत ऐकायची आणि पुन्हा मोठी होऊन त्यांना पकडून द्यायची. नारिंगी झगा, कमरेला रुपेरी पट्टा. तिचा वैरी भस्मराज नावाचा होता, त्याला हसण्यापलीकडे फारसं काम नव्हतं.

भाट्ये पार वेडं झालं. शाळेतल्या मुली मधल्या सुट्टीत श्वास रोखून भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. आमची सावनी सात वर्षांची, तिने एकदा इतका वेळ रोखला की बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. रत्नागिरीत नारिंगी कापड मिळेना. पुरुषमाणसांना ती फारशी पटली नव्हती. "उडणारी नाही, आग ओकणारी नाही, बारीक होणारी! ही काय शक्ती झाली?" असं हे म्हणायचे आणि दर रविवारी पावणेदहाला खुर्ची धरायचे. आमच्या शेजारी काशीराम मास्तर राहतात, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी तर एका साप्ताहिकात पत्रच छापून आणलं. पन्नास किलोची मुलगी अंगठ्याएवढी झाली तर उरलेलं वजन जातं कुठे? जात नसेल, तर ती टेबलावर उभी राहताक्षणी टेबलाला भोक पडायला हवं, निर्मात्यांनी खुलासा करावा. आमच्याकडे आंबे निवडायला येणारी सखू म्हणाली, "ह्यात काय नवाल? लगीन झाल्यावर आमी समद्याच बारीक झालो. परत मोठं कसं व्हायचं ता शिकवा म्हनावं."

भार्गवीने मास्तरांचं पत्र वाचलं आणि ती हसली नाही. पुढच्या रविवारी मालिका संपल्यावर तिने पोरांना पडवीत बसवून घेतलं. मुंगी माडावरून पडली तरी चालू लागते आणि माणूस पडला तर मरतो, असं का? पोरांनी काय काय उत्तरं दिली. मग तिने एक मोठी कैरी आणून तिचे चौकोनी तुकडे केले, तुकड्यांचे आणखी तुकडे केले, प्रत्येक तुकड्याची बाहेरची बाजू ही त्याची साल समजून मोजायला लावली. वस्तू लहान होत गेली की तिचं वजन कसं भराभर कमी होतं आणि साल मात्र तितकी कमी होत नाही, हे तिने असं काही समजावलं की मी हातातलं सूप तसंच धरून उभी राहिले. शेवटी मास्तरही येऊन पोरांच्या मागे बसले होते. तास संपला तेव्हा ते ह्यांना म्हणाले, "चिंतामणी, ही मुलगी वर्गात हवी रे." हे म्हणाले, "हो हो, सीझन संपला की बघू." इतकी वर्षं तिच्या हातचा भात खाल्ला, पण ही बाई शिक्षिका आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घात झाला. अणिमा बारीक होऊन भस्मराजाच्या गुहेतल्या एका काचेच्या बरणीत लपली, आणि त्याने वरून झाकण घट्ट फिरवलं. आता ती मोठी झाली तर बरणी फुटेल, की तीच आत चिरडली जाईल? आणि फुटली तरी काचा तिच्याच अंगात घुसायच्या. मालिकावाल्यांना ही बरणी फार आवडली असावी, कारण पुढचे पाच रविवार त्यांनी तिला बाहेर काढलीच नाही. अर्धा तास ती आपली काचेला हात लावून उभी, आणि भस्मराज हसतोय.

गावात दुसरा विषय नव्हता. सासूबाई म्हणायच्या, आपली लोणच्याची बरणी असती तर वर फडकं बांधलेलं असतं, निदान वारा तरी लागला असता पोरीला. मास्तरांनी आमच्या ओट्यावर खडूने गणित मांडलं. सावनीने बरणीतलं काहीही खायचं सोडलं. सगळीकडूनच पत्रांचा भडिमार झाला असणार, कारण एप्रिलच्या मध्यावर चॅनेलने जाहीर केलं की अणिमाने बरणी फोडावी की मदतीची वाट पाहावी, हे आता प्रेक्षकांनीच कार्डावर लिहून कळवावं. ज्या बाजूला मतं जास्त, तसं होईल. निवडक नावं पडद्यावर दाखवू.

भाट्यातली निम्मी कार्डं आमच्या पडवीत लिहिली गेली. अक्षर चांगलं असलं की नाव पडद्यावर येणार, अशी सगळ्यांची खात्री. संध्याकाळी ट्रक गेला की माणसं बाकड्यापुढे येऊन बसायची आणि भार्गवीला मजकूर सांगायची. सासूबाईंनी सांगितलं, "लिही, बाळे, भिऊ नकोस. देव पाठीशी आहे, फोड ती बरणी." मास्तरांनी सांगितलं, "काच ठिसूळ असते. सर्व बाजूंनी सारखा दाब द्यावा." सखू म्हणाली, "लाथ घाल म्हनावं!" आमच्या ह्यांनी तर येरझाऱ्या घालत सांगितलं, "कुणाची वाट बघत्येस? कुणी येत नसतं. एवढी शक्ती अंगात असून आत बसून राहायचं म्हणजे शुद्ध भेकडपणा. खाली सही, चिंतामणी आठल्ये." मी लिहवून घेतलं, "डोळे मिटून काय ते एकदा कर. पुढचं पुढे बघता येतं." एकंदर त्रेचाळीस कार्डं झाली आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांनी फोड म्हणूनच सांगितलं. भार्गवी मान खाली घालून लिहीत होती. "आत्या, तुझं काय मत?" असं सावनीने विचारलं, तर म्हणाली, "काचा उडून कुणाला लागतील, तेही बघायला हवं ना गो."

त्याच आठवड्यात, गुरुवारी, तिला एक पत्र आलं. ते तिने फक्त मला दाखवलं. गुहागरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा होती, राहायची सोय शाळेच्या आवारातच. तिने फेब्रुवारीत आम्हाला कुणाला न सांगता अर्ज केला होता. मुलाखत आठ मेला, सोमवारी. येणार असाल तर पाच तारखेच्या आत लेखी कळवा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू, असं स्वच्छ लिहिलं होतं. आणि शेवटी वयाची अट, तेहतीस. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. जूनमध्ये तिला तेहतीस पूर्ण होत होती.

"म्हणजे यानंतर नाहीच, वहिनी," ती म्हणाली. "दादाला मीच सांगेन. आधी उत्तर तर जाऊ दे."

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. आंब्याच्या दिवसांत आमच्या घरचं टपाल पोस्टातून जात नाही, ट्रकमधून जातं. मुंबईचं पत्र इथून टाकलं तर चार दिवस घेतं आणि ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीत असतो. म्हणून रोज एका पेटीवर लाल फुली मारायची, आंब्यांवर गवताचा थर घातला की त्यावर कागदात गुंडाळलेली पत्रं ठेवायची आणि झाकण ठोकायचं. दलालाचा माणूस लाल फुलीची पेटी सगळ्यांत आधी उघडतो आणि पत्रं तिथल्या टपालपेटीत टाकतो. सासऱ्यांच्या वेळेपासून हे असंच चाललंय. मुंबईच्या पत्रांना ते उत्तमच. पण गुहागर आमच्या उत्तरेला, दोन खाड्या ओलांडल्या की आलं. तिथलं पत्र आधी वाशीला पाठवायचं आणि मग ते तिथून पुन्हा खाली यायचं, हे वेड्यालाही सुचणार नाही.

शनिवारी, एकोणतीस तारखेला, भार्गवीने माझ्या हातात दोन गोष्टी दिल्या. कार्डांचा गठ्ठा, लाल फुलीच्या पेटीत ठेवायला. आणि एक पाकीट, त्यावर गुहागरचा पत्ता. "तू सावनीचा कान दाखवायला रत्नागिरीत जात्येस ना? एवढं मोठ्या पोस्टात टाक. आठवणीने हो, वहिनी."

मी पाकीट घेतलं. पडवीत लाल फुलीची पेटी उघडीच होती. सकाळपासून हे दोनदा माझ्यावर ओरडले होते. सासूबाईंची अंघोळ व्हायची होती, खळ्यात साठ पेट्यांचे आंबे निवडायचे पडले होते आणि सावनी कान धरून रडत होती. मी कोपऱ्यातल्या त्या बाकड्याकडे पाहिलं आणि तिथे मीच बसलेली मला दिसले. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, मग कायमचीच. मी पाकीट कार्डांच्या गठ्ठ्यात सरकवलं, गठ्ठा कागदात गुंडाळला, गवतावर ठेवला आणि रघूला म्हटलं, "ठोक." कुणी विचारलंच तर काय सांगायचं, तेही मी ठरवून ठेवलं होतं. आमच्याकडे टपाल ट्रकनेच जातं, सवयीने झालं.

डॉक्टरकडे जाताना मी पोस्टाच्या दारावरूनच गेले. परत आल्यावर भार्गवीने विचारलं, "टाकलंस?"

"हो," मी म्हटलं.

पुढचा आठवडा ती इतकी खुशीत होती की मला तिच्याकडे बघवेना. निळी साडी स्टार्च करून ठेवली. माळ्यावरून जुनी पुस्तकं काढून दुपारच्या अर्ध्या तासात चाळायला लागली. आणि मला बाकड्यावर बसवून नावं लिहायला शिकवायला लागली. "मनगट नको हलवूस, वहिनी, खांद्यापासून हात ने. आणि 'रत्नागिरी'ला जागा राखून ठेव, सगळे तिथेच फसतात." माझं अक्षर वाकडं आलं की स्वतःच हसायची. रोज वाटायचं आज सांगावं. बुधवारपर्यंत सांगितलं असतं तर तिने माणूस पाठवून उत्तर पोचवलं असतं. गुरुवारी वाटलं, आता सांगून काय उपयोग. शुक्रवारी पाच तारीख गेली.

सात तारखेच्या रविवारी आमच्या ओटीवर चाळीस माणसं जमली. सुरुवातीलाच निवेदिकेने सांगितलं की नव्वद टक्क्यांहून जास्त प्रेक्षकांनी बरणी फोडावी असं कळवलंय. ओटीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. भाट्यातलं एकही नाव पडद्यावर आलं नाही, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. मग भाग सुरू झाला. अणिमाने डोळे मिटले, श्वास घेतला, आणि तेवढ्यात एक इन्स्पेक्टर गुहेत शिरला. त्याला आम्ही आधी फार तर दोनदा पाहिलं होतं. त्याने भस्मराजाला लोळवलं आणि बरणीचं झाकण फिरवून उघडलं. अणिमा बाहेर आली, मोठी झाली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. संपलं.

"मग आमची कारडां काय चुलीत घातलान?" सखू ओरडली. मास्तर म्हणाले की आपण पुन्हा साप्ताहिकात लिहिणार. पण सगळ्यांत जास्त चिडले ते आमचे हे. "कसली ही हिरॉईन! पाच आठवडे आत नुसती उभी राहिली, आणि शेवटी कुणा परक्याने येऊन झाकण उघडायचं? आम्ही इतकं जीव तोडून लिहिलं त्याला काही किंमत आहे की नाही?"

भार्गवी भिंतीशी बसली होती, ती उठून उभी राहिली. "दादा, उद्या गुहागरला माझी मुलाखत आहे. शाळेत. पहाटेच्या गाडीने जाते. लागली नोकरी तर जूनपासून तिथेच राहीन."

"उद्या?" हे म्हणाले. "उद्या दोन ट्रक आहेत."

"माहीत आहे."

"जा की. नको कोण म्हणतंय? पण पंधरा दिवसांनी जा. जागा काय पळून जात्येय?"

"शिकलेल्या मुलीला नोकऱ्या पावसाळ्यातही मिळतात हो," सासूबाई म्हणाल्या.

"बाय, तुमी गेल्यावर पेट्या कोन लिवनार?" हे सखूने विचारलं. सखूने, जिने लाथ घाल म्हणून सांगितलं होतं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "घाई नको, भार्गवी. पूर्ण विचार करून काय ते ठरव."

चाळीस माणसांतलं एकही जा म्हणालं नाही. यातल्या बहुतेकांचे शब्द तिने आठ दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने कार्डांवर उतरवले होते. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. माझ्याकडेही बघितलं, आणि मी पायाशी पडलेली सावनीची रिबीन उचलली.

"मी येते म्हणून कळवलंय त्यांना," ती म्हणाली. "जायला हवं."

ती स्वयंपाकघरात गेली, तिच्यामागून मी गेले. ती विळी घेऊन भाजी चिरायला बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "भार्गवी, ते पत्र मी पोस्टात नाही टाकलं. ते कार्डांबरोबर पेटीत गेलं. चुकून."

तिचा हात थांबला. मग बोटांवर दिवस मोजत म्हणाली, "रविवारी वाशीला उतरलं. सोमवारी एक मे, पोस्ट बंद. मंगळवारी पेटीत पडलं असेल. आता कुठेतरी चिपळूणला पडलं असेल." उठून तिने शाळेचा नंबर फिरवला. सुट्टीचे दिवस, त्यात रविवार, तिकडे कोण उचलणार? पंधरा मिनिटांनी पुन्हा फिरवला, मग पुन्हा. हे ओटीवरून ओरडले, "कुणाला एवढे फोन?" तिने रिसीव्हर खाली ठेवला. "तरी जाते," ती म्हणाली, आणि राहिलेली भाजी चिरून टाकली.

सोमवारी उजाडायच्या आत ती निघाली. एस्टीने जयगड, तिथून तरीतून खाडी ओलांडायची आणि पलीकडे मिळेल त्या गाडीने गुहागर. ह्यांनी तिला अडवलं नाही. फक्त ती अंगणातून बाहेर पडेपर्यंत ट्रकवाल्याशी मोठमोठ्याने फोनवर बोलत राहिले, आज माणसं कमी आहेत म्हणून.

मी बाकड्यावर बसले. रघू पेट्या आणून टाकत होता आणि मी लिहीत होते. 'रत्नागि' एवढं फळीवर मावायचं आणि 'री' खालच्या फळीवर जायची. दहा वाजता हे येऊन बघून गेले, बारा वाजता पुन्हा आले आणि म्हणाले, "ह्या पेट्या वाशीत कुणी ओळखणार तरी आहे का?" तीन वाजेपर्यंत माझ्या तिन्ही बाजूंना थप्प्या चढल्या होत्या. वारा लागत नव्हता, रंगाच्या वासाने डोकं उठलं होतं, आणि पलीकडे सासूबाई मला हाका मारत होत्या. मला तिथून उठताच येईना, दोन थप्प्या हलवल्याशिवाय वाटच नव्हती. नऊ वर्षं ती इथे कशी बसली, हा विचार माझ्या मनात आला. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, की तिला नोकरी लागली तर मी किती वर्षं बसणार.

पहिला ट्रक गेला होता, दुसरा भरत होता, तेव्हा ती आली. हातपाय धुऊन पाणी प्यायली आणि आम्ही न विचारताच तिने सांगितलं. शनिवारी दुपारपर्यंत त्यांनी तिच्या पत्राची वाट पाहिली. मग पुढच्या बाईंना निरोप धाडला. त्यांची मुलाखत सकाळी नऊलाच झाली आणि नेमणुकीचं पत्रही देऊन झालं. हेडमास्तर फार भले होते, त्यांनी तिला कोकम सरबत दिलं आणि म्हणाले, "तुमचं उत्तर आलं असतं तर यादीत पहिलं नाव तुमचंच होतं, बाई."

"जाऊ दे गो," हे म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू." त्यांना वयाची अट ठाऊक नव्हती, आणि तिने सांगितली नाही.

तिने साडी बदलली, फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि दुसऱ्या ट्रकच्या पेट्यांवरची माझी अक्षरं पुसायला लागली. मी जवळ जाऊन उभी राहिले. "भार्गवी, चुकलं गो माझं."

"चुकलं नाही, वहिनी." तिचा आवाज चढलेला नव्हता, हात पुसतच होता. "चुकलं असतं तर तू त्याच दिवशी सांगितलं असतंस. मी विचारलं, टाकलंस का, तर तू हो म्हणालीस."

आता दोन हजार आठ चालू आहे. पेट्यांच्या जागी पुठ्ठ्याचे खोके आले, नावाचे छापील कागद आले, ते चिकटवायला कुणीही चालतं. तरी सीझनमध्ये भार्गवी त्याच कोपऱ्यात असते, कागद सरळ लागलेत की नाही ते बघायला. सावनीचा अभ्यास तिनेच घेतला. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलते. चार लोकांत कुणी तो विषय काढला तर पत्र पोचायला उशीर झाला, एवढंच सांगते. आमच्या ह्यांना आजपर्यंत खरं काय ते ठाऊक नाही.

मी मात्र एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, तिलाही नाही. ती गुहागरहून परतली त्या संध्याकाळी मी थप्प्यांच्या फटीतून वाटेकडे बघत होते. वळणावर ती दिसली, खांद्याला पिशवी, मान खाली, पाय ओढत चाललेली. नोकरी गेली हे मला तिच्या चालण्यावरूनच कळलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. वाईटही वाटलं, पण ते नंतर.